कडेच्या चौकटी

तोस्काना प्रांतातल्या पेश्शा या लहान गावी संत फ्रान्सिस यांच्या नावाचे चर्च आहे. तिथल्या एका लाकडी फलकावर चित्रकाराने स्वतःचे नाव आणि साल दोन्ही लिहून ठेवले आहे: बोनाव्हेंतुरा बर्लिंगिएरी, १२३५. तेराव्या शतकातल्या बहुतेक चित्रांवर यांपैकी काहीच सापडत नाही. म्हणून कलेचा इतिहास लिहिणारा प्रत्येक जण या फलकापाशी थांबतो. असिसीचे फ्रान्सिस वारले १२२६ च्या ऑक्टोबरात आणि १२२८ मध्ये पोप नववे ग्रेगरी यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. म्हणजे हे चित्र रंगले तेव्हा फ्रान्सिस यांना डोळ्यांनी पाहिलेली, त्यांचे प्रवचन कानांनी ऐकलेली माणसे मध्य इटलीत हिंडत-फिरत होती.

फलकाची उंची साधारण माणसाएवढी, माथा छपरासारखा निमुळता, मागे सपाट सोने. मधोमध फ्रान्सिस उभे आहेत. सडसडीत, ताठ, अंगात जाडाभरडा झगा, कमरेला गाठी मारलेला दोर, हातात पुस्तक. तळहातावर आणि अनवाणी पावलांवर काळसर खुणा आहेत. त्यांच्या दोन्ही अंगांना तीन-तीन अशा सहा छोट्या चौकटी. एकीत ला व्हेर्नाच्या डोंगरावर क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या जखमा त्यांच्या अंगावर उमटतात, दुसरीत ते पाखरांना उपदेश करतात. हे दोन प्रसंग सगळ्यांच्या ओळखीचे. उरलेल्या चारही चौकटींत मात्र गांजलेली माणसे बरी होताना दिसतात. लंगडे, पांगळे, भुताने झपाटलेले, आणि मान वाकडी झालेली एक लहान मुलगी.

या मुलीची गोष्ट फ्रान्सिस यांचे पहिले चरित्रकार चेलानोचे थॉमस यांनी नोंदवली आहे. तिचे डोके खांद्याला चिकटल्यासारखे झाले होते. तिला समोर पाहता येत नसे, तिरके पाहावे लागे. फ्रान्सिस यांना पुरले त्याच दिवशी तिने आपले डोके त्यांच्या शवपेटीखाली घातले, आणि मान सरळ झाली. झालेला बदल पाहून ती इतकी घाबरली की रडत पळत सुटली. डोके इतकी वर्षे टेकून राहिल्याने खांद्यात खळगा पडला होता, हेही थॉमस लिहून ठेवतात. चमत्कारावर आपला विश्वास असो वा नसो, तो खळगा आणि ते रडू ऐकल्यावर त्या मुलीच्या असण्याबद्दल शंका घ्यावीशी वाटत नाही.

सहापैकी चार चौकटी आजाऱ्यांना का दिल्या, याचे उत्तर त्या काळच्या चर्चच्या कारभारात आहे. तेराव्या शतकापर्यंत संत ठरवण्याचा अधिकार पोपने आपल्या हाती घेतला होता. एखाद्या पुण्यवंताच्या कबरीपाशी माणसे बरी होऊ लागली की चौकशी बसे. साक्षीदार बोलावले जात, त्यांची नावे, गावे, दुखण्याचा काळ, बरे झाल्याची वेळ हे सगळे लिहून घेतले जाई. चांगले वागणे पुरेसे नव्हते. मेल्यानंतरही तो माणूस देवापाशी शब्द टाकू शकतो, याचा पुरावा हवा असे. पेश्शाच्या फलकावरच्या त्या चार चौकटी म्हणजे रंगात उतरलेल्या साक्षी आहेत. वेदीपाशी गुडघे टेकून बसलेल्या बाईला लॅटिन येत नसे, पोपचे फर्मान तिच्या हाती कधी पडत नसे. पण पेटीखाली डोके घातलेली मुलगी तिला दिसत होती.

तळहातावरच्या त्या काळसर खुणांचीही बाजू समजून घ्यायला हवी. एका माणसाच्या अंगावर ख्रिस्ताच्या जखमा उमटाव्यात, हे त्या वेळी अनेक धर्माधिकाऱ्यांना पटत नव्हते. मोराव्हियातल्या ओलोमोउत्सच्या बिशपांनी तर फ्रान्सिस यांना जखमांसह रंगवण्याला उघड हरकत घेतली, आणि १२३७ मध्ये नवव्या ग्रेगरींना त्यांना पत्र पाठवून समज द्यावी लागली. पेश्शाचा फलक त्याच्या दोन वर्षे आधीचा आहे. आज आपल्याला तो शांत, जरासा ताठर वाटतो, पण रंगला तेव्हा तो एका जळत्या वादात बाजू घेऊन उभा होता.

मध्ये संत आणि कडेला त्याचे आयुष्य ही मांडणी इटालियन चित्रकारांनी शोधलेली नाही. ती पूर्वेकडच्या ग्रीक ख्रिस्ती जगातून आली. सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरिनच्या मठात संत निकोलस यांची, संत कॅथरिन यांची अशी चित्रे अजून आहेत. १२०४ मध्ये पश्चिमेच्या धर्मयोद्ध्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटले, त्यानंतर पूर्वेकडची चित्रे आणि कारागीर इटलीच्या बंदरांत अधिकच दिसू लागले. इटलीत आल्यावर मांडणी तीच राहिली, माणसे मात्र बदलली. ग्रीक चित्रांतले संत हजार-नऊशे वर्षांपूर्वीचे असत. इटलीतल्या चित्रकाराला कालपरवा वारलेला, शेजारच्या गावचा संत रंगवायचा होता. त्याच्यासाठी जुना नमुना उपलब्धच नव्हता. पाखरांशी बोलणारा माणूस कसा रंगवायचा, हे त्याला स्वतःच ठरवावे लागले.

जुन्या संतांचेही फलक झाले. पिसामध्ये अलेक्झांड्रियाच्या कॅथरिन यांचा आहे. फ्लॉरेन्सच्या अकादेमिया संग्रहालयात मारिया माग्दालेना यांचा आहे, साधारण १२८० नंतरच्या वर्षांतला. त्यात ती डोक्यापासून पावलांपर्यंत फक्त स्वतःच्या केसांनी झाकलेली उभी आहे आणि हातातल्या पट्टीवर पाप घडलेल्यांनी निराश होऊ नये असा दिलासा लिहिला आहे. नव्या संतांपैकी फ्रान्सिस यांच्या अनुयायी क्लारा यांचा १२८३ चा फलक असिसीला त्यांच्या नावाच्या चर्चमध्ये आहे. घरून पळून आलेल्या क्लारांचे केस फ्रान्सिस कापतात आणि मग नातलग येऊन त्यांना वेदीपासून ओढू पाहतात, हे दोन प्रसंग त्या आठ चौकटींत एकापाठोपाठ येतात. कापलेले केस दिसल्यावर नातलगांना कळून चुकते की मुलगी आता परत येणार नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधला, बार्दी घराण्याच्या चॅपेलमध्ये ठेवलेला फ्रान्सिस यांचा फलक. तो साधारण १२४५ ते १२५० च्या दरम्यानचा आहे. पेश्शाला सहा चौकटी, इथे वीस. सुरुवात होते ती आईपासून. फ्रान्सिस यांचे वडील पिएत्रो बर्नार्दोने कापडाचे व्यापारी होते. मुलगा पैसे उधळतो, भिकाऱ्यांत वावरतो, म्हणून त्यांनी त्याला घरातच बांधून कोंडले होते. वडील परगावी गेल्यावर आई येते आणि मुलाची बंधने सोडते. पुढे एका चौकटीत फ्रान्सिस कुष्ठरोग्यांची सेवा करताहेत, त्यांचे पाय धुताहेत. आणखी एकीत एक माणूस कोकरांना बाजारात विकायला नेतो आहे आणि फ्रान्सिस त्यांना सोडवताहेत. अंगावरचा झगा देऊन त्यांनी कोकरे सोडवली, असे थॉमस यांच्या चरित्रात आहे. आणि एकीत ते इजिप्तच्या सुलतानासमोर बोलत उभे आहेत.

या शेवटच्या चौकटीपाशी जरा थांबू. १२१९ मध्ये पाचवे धर्मयुद्ध चालू असताना फ्रान्सिस दामिएत्ताच्या वेढ्यातून निघून शत्रूच्या छावणीत गेले आणि सुलतान अल-कामिल यांना भेटले. थॉमस म्हणतात की सुलतानाने त्यांचा मान राखला आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. बार्दी फलकावर तेच आहे. सुलतान आसनावर बसला आहे, समोर त्याची माणसे दाटीवाटीने बसली आहेत, आणि सगळे ऐकताहेत. कुणाच्या हाताला शस्त्र लागलेले नाही, कुणी हरलेले नाही.

पुढे काय झाले ते पाहा. फ्रान्सिस गेल्यानंतर त्यांच्या पंथात मोठी फूट पडू लागली. निर्धन राहायचे म्हणजे किती निर्धन? मठ बांधायचे की नाही? ग्रंथ बाळगायचे की नाही? प्रत्येक गट जुन्या चरित्रांतले आपापल्या सोयीचे प्रसंग पुढे करू लागला. तेव्हा पंथाचे प्रमुख असलेले थोर धर्मपंडित बोनाव्हेंचर यांनी नवे चरित्र लिहिले. १२६३ पर्यंत ते पुरे झाले. १२६६ मध्ये पॅरिसला पंथाची महासभा भरली आणि तिने हुकूम काढला: आधीची सगळी चरित्रे नष्ट करावीत. थॉमस यांची पुस्तके मठामठांतून काढून टाकली गेली. दुसऱ्या पंथांच्या, विशेषतः सिस्टर्शियन मठांच्या ग्रंथालयांत काही हस्तलिखिते राहिली म्हणून ते पहिले चरित्र वाचले. पण ते छापून लोकांसमोर यायला १७६८ साल उजाडले. थॉमस यांचेच आणखी एक छोटे चरित्र हरवले होते, ते सापडल्याची बातमी तर अगदी अलीकडे, २०१५ मध्ये आली.

पुस्तके गेली, पण फलक कुणी जाळले नाहीत. पुस्तक मठातल्या शिकलेल्यांचे, त्याची जागा नवे पुस्तक घेऊ शकते. वेदीजवळचा फलक मात्र साऱ्या गावाचा झालेला असतो. त्याच्यापुढे मेणबत्त्या लागलेल्या असतात, नवस बोललेले असतात. तो काढून टाकणे सोपे नव्हते. त्यामुळे पाचशे वर्षे जे वाचायला मिळत नव्हते, त्यातले बरेच सांता क्रोचेमध्ये उघड्यावर रंगवलेले होते.

आणि योगायोग असा की दोन्ही फ्रान्सिस आज एकाच खोलीत पाहायला मिळतात. बार्दी चॅपेलच्या भिंती जोत्तोने चौदाव्या शतकात रंगवल्या, बोनाव्हेंचर यांच्या चरित्राच्या आधारे. फलक पुढे त्याच चॅपेलच्या वेदीवर आणून ठेवण्यात आला. भिंतीवरही सुलतान आहे. पण इथे मध्ये आग पेटली आहे. फ्रान्सिस निखाऱ्यांवरून चालून दाखवायला तयार आहेत, सुलतानाचे धर्मगुरू तोंड लपवून काढता पाय घेताहेत. अग्निपरीक्षेचा हा प्रसंग बोनाव्हेंचर यांच्या चरित्रातला आहे. फलकावरची भेट भिंतीवर येईपर्यंत झुंज झाली. असिसीला फ्रान्सिस यांच्या बॅसिलिकेतल्या वरच्या चर्चमध्येही त्यांच्या आयुष्यावर २८ भित्तिचित्रे आहेत, जगप्रसिद्ध आहेत. त्यांत बेड्या सोडणारी आई नाही आणि कुष्ठरोगी एकही नाही. फ्रान्सिस यांनी तर आपल्या मृत्युपत्रात स्वतःच्या पालटाची सुरुवातच कुष्ठरोग्यांपासून सांगितली आहे. चित्रकार म्हणून जोत्तो फार मोठा. त्याच्या माणसांना वजन आहे, पाठ आहे, दुःख आहे. बार्दी फलकाच्या चित्रकाराला यातले काही जमत नाही. तरीही फ्रान्सिस कोण होते हे विचाराल, तर मी आधी त्या अवघडलेल्या, चपट्या, छोट्या चौकटींकडे बोट दाखवीन.

हे फलक बनत कसे, ते आपल्याला बरेच तपशिलात ठाऊक आहे, कारण चेन्नीनो चेन्नीनी नावाच्या चित्रकाराने १४०० च्या सुमारास या कामाची पोथीच लिहून ठेवली. तो आन्योलो गाद्दीपाशी बारा वर्षे शिकला. आन्योलो आपल्या बापाकडे, ताद्देओकडे शिकला. आणि ताद्देओ जोत्तोच्या हाताखाली चोवीस वर्षे होता. तेव्हा चेन्नीनोच्या लिहिण्यात तीन पिढ्यांचा हात उतरला आहे.

लाकूड बहुधा पॉपलरचे. ते तिथे मुबलक मिळे, पण मऊ आणि कीड लागणारे, म्हणून त्याला बरेच सांभाळावे लागे. फळ्या जोडून, तासून झाल्या की त्यांवर जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या सरसाचे हात द्यायचे, मग सरसात भिजवलेले जुने तलम लिननचे कापड चिकटवायचे, म्हणजे पुढे लाकूड हलले तरी वरचा थर तडकत नाही. त्यावर जिप्समचे अस्तर. आधी जाडे, मग बारीक. बारीक अस्तरासाठीचे जिप्सम महिनाभर पाण्यात ठेवून रोज ढवळायचे, मग सरसात कालवून निदान आठ हात द्यायचे, आणि वाळल्यावर खरवडून हस्तिदंतासारखे गुळगुळीत करायचे. इतके झाल्यावर चित्र सुरू.

सोने रंगाच्या आधी लागते. जिथे वर्ख बसणार तिथे आर्मेनियाची तांबडी माती अंड्याच्या पांढऱ्यात कालवून लावत. तिच्यामुळे सोन्याला ऊब येते. आज जुन्या चित्रांत सोने झिजून जिथे लालसर झाक दिसते, ती हीच माती. नाणी ठोकून केलेला वर्ख ओलसर मातीवर अलगद सोडायचा आणि मग घोटायचा, गुळगुळीत दगडाने किंवा कुत्र्याच्या दाताने. हवा थोडी दमट असावी, असे चेन्नीनो सांगतो. घोटलेले सोने तेजोवलयाच्या जागी ठशांनी ठोकत, त्यामुळे मेणबत्तीची ज्योत हलली की वलयही हलते. संग्रहालयातल्या स्थिर दिव्याखाली ही गंमत मरून जाते, आणि सपाट सोनेरी पार्श्वभूमी पाहून लोकांना हे चित्रकार अडाणी वाटू लागतात.

रंग कालवायचे ते अंड्याच्या बलकात. इथे चेन्नीनोचा एक बारकावा मला फार आवडतो. तरुण चेहऱ्यांसाठी शहरातल्या कोंबडीचे अंडे घ्यावे, कारण त्याचा बलक फिका असतो; म्हाताऱ्या किंवा सावळ्या चेहऱ्यांना गावाकडच्या कोंबडीचा लालसर बलक चालतो. चेहऱ्याखाली आधी हिरव्या मातीचा हात देत, त्यावर गुलाबी आणि पांढऱ्या छटा चढवत. शेकडो वर्षांत वरच्या छटा झिजल्या आणि खालची हिरवट माती वर आली. सिएनाच्या चित्रांतले संत आज आजारी दिसतात ते त्यामुळे. लाल रंग हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा, पांढरा सफेद्याचा. आणि सर्वांत महाग निळा, लाजवर्द दगडाचा. तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येई, म्हणून त्या निळ्याचे नावच पडले ‘समुद्रापलीकडचा’. दगड नुसता कुटला तर करडी भुकटी मिळते. राळ, डिंक आणि मेण यांच्या गोळ्यात ती भुकटी दिवसेंदिवस मळावी आणि मग खाराच्या पाण्यात निथळून निळा रंग सोडवून घ्यावा लागे. हे काम तरुण मुली पुरुषांपेक्षा चांगले करतात, असा शेराही चेन्नीनोने दिला आहे. चित्रांखाली ज्यांची नावे कधीच आली नाहीत, अशा हातांचा तेवढाच एक उल्लेख.

एकदा ही कला हातात बसल्यावर चौकटींतली गोष्ट फुलू लागली, आणि ती सर्वांत सुंदर फुलली सिएनात. सिमोने मार्तिनीने १३२४ ते १३२८ च्या दरम्यान आगोस्तीनो नोव्हेल्लो यांचा फलक रंगवला. तो आता सिएनाच्या पिनाकोतेका संग्रहालयात आहे. आगोस्तीनो मूळचे सिसिलीकडचे, कायदेपंडित. राजा मान्फ्रेदच्या पदरी होते. १२६६ मध्ये बेनेव्हेंतोच्या लढाईत राजा पडला, आणि त्यांनी संसार सोडून ऑगस्टिनियन पंथाची वस्त्रे घेतली. सिएनाजवळच्या मठात ते १३०९ मध्ये वारले. चर्चने त्यांना संत घोषित केले नव्हते. पण सिएनाला घाई होती. शेजारच्या गावांकडे फ्रान्सिस, क्लारा असे ताजे संत होते. आपल्या गावचाही असावा, असे सिएनाच्या माणसांना वाटणे साहजिक होते. सिमोनेने आगोस्तीनोंच्या डोक्यामागे तेजोवलय ठोकून टाकले.

मधल्या चित्रात देवदूत त्यांच्या कानाला लागून काही सांगतो आहे. कडेला चार चौकटी, आणि चारही त्यांच्या मृत्यूनंतरच्या. एका मुलाचा चेहरा जनावराने फाडला आहे. एक स्वार घोड्यासकट दरीत कोसळला आहे. एका घरी पाळण्याची दोरी तुटून तान्हे मूल जमिनीवर आपटले आहे. आणि चौथीत, सिएनाच्या एका अरुंद गल्लीत, सज्जाची फळी निखळून मूल खाली येते आहे. आगोस्तीनो आकाशातून सूर मारून आले आहेत आणि पडणाऱ्या फळीला त्यांचा हात लागला आहे. त्याच चौकटीत खाली तेच मूल धडधाकट उभे आहे. घडले आणि टळले, दोन्ही एकाच भिंतीच्या आडोशाला. आपल्याला आता चित्र म्हणजे एक क्षण असे वाटते. तेव्हाचा पाहणारा एकाच चौकटीत तेच माणूस दोनदा-तीनदा आले तरी गोंधळत नसे. आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३२ च्या सुमारास रंगवलेल्या संत निकोलस यांच्या चौकटी फ्लॉरेन्सच्या उफित्सीत आहेत. त्यांतल्या एकीत यात्रेकरूच्या वेशातल्या सैतानाला भीक घालायला जिना उतरणारा मुलगा, गळा आवळला जाणारा मुलगा, पलंगावर गतप्राण पडलेला मुलगा आणि उठून बसलेला मुलगा, हा सगळा एकच मुलगा आहे. नजर जिन्यावरून खाली उतरते आणि गोष्ट तिच्याबरोबर उतरते.

आगोस्तीनोंच्या चारांपैकी तीन चौकटींत लहान मुले आहेत, आणि त्या तिन्हींतले अपघात घरगुती. सज्जा, पाळणा, वेशीबाहेरचे जनावर. आई नवस बोलते; पाळण्याच्या गोष्टीत बरे झालेल्या मुलाला पंथाच्या छोट्या झग्यात चर्चला नेऊन नवस फेडतात. राजांच्या, युद्धांच्या नोंदी इतिहासात भरपूर आहेत. १३२५ च्या सिएनात लहान मुलांना काय होत असे आणि आया कशाला भीत असत, हे मात्र मला अशा चौकटींतच इतके स्पष्ट दिसले.

आम्ब्रोज्योचा भाऊ पिएत्रो याने रंगवलेल्या उमिल्ता यांच्या फलकाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. फाएन्झा गावच्या या बाईचा जन्म १२२६ चा. लग्न झाले, मुले झाली, पण ती मुले वारली. मग त्यांनी नवऱ्याचे, उगोलोत्तोचे, मन वळवले आणि दोघेही मठात गेले. त्यांनी पुढे फ्लॉरेन्सला स्त्रियांचा मठ काढला, त्या प्रवचने देत, आणि मठवासिनी ती लॅटिनमध्ये उतरून घेत. १३१० मध्ये त्या वारल्या. पिएत्रोने त्यांना हातात पुस्तक आणि डोक्यावर मेंढीचे कातडे घेतलेल्या उंच बाई म्हणून रंगवले आहे. कडेच्या चौकटींत त्या नवऱ्याशी बोलतात, अक्षरओळख नसताना जेवणघरात वाचून दाखवतात, मठाच्या बांधकामासाठी गाढवावरून विटा आणतात, आणि बसून प्रवचन सांगतात तेव्हा समोरची मठवासिनी लिहून घेते. चमत्कार आहेतच, कोरड्या पायांनी नदी ओलांडणे वगैरे. पण गाढव, विटा आणि लेखणी हे प्रसंग वेदीवरच्या चित्रात यावेत, हे मला अधिक थोर वाटते. तो मठ स्त्रियांचा होता आणि आपल्या संस्थापिकेने काय काय केले ते त्यांना रोज डोळ्यांसमोर हवे होते. पुढे फलक मोडला. दोन चौकटी बर्लिनला गेल्या: आजारी मठवासिनी, आणि ऐन ऑगस्टात विहिरीत सापडलेला बर्फ. बाकीच्या उफित्सीत आहेत.

असे मोडणे नेहमीचेच होते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मठ बंद पडले, आवड बदलली, आणि छोट्या चौकटी करवतीने वेगळ्या काढून विकणे सोपे झाले. सास्सेत्ताने १४३७ ते १४४४ या काळात सान्सेपोल्क्रो गावासाठी रंगवलेल्या फ्रान्सिस यांच्या आठ चौकटींपैकी सात आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत आणि एक फ्रान्समध्ये शांतियीला. त्याच लंडनच्या गॅलरीत आरेझ्झोच्या मार्गारीतोचा एक फलक आहे, साधारण १२६३ चा. मधोमध मेरी, कडेला उकळत्या तेलाच्या कढईतले संत योहान आणि अजगराच्या पोटातून सुखरूप निघालेल्या मार्गारेत. १८५७ मध्ये गॅलरीने तो विकत घेतला, तो आवडला म्हणून नव्हे, तर कला एकेकाळी किती खाली गेली होती याचा नमुना म्हणून. चित्रातल्या माणसाला वजन नाही, खोली नाही, एवढेच त्यांना दिसले. नंतर पाहणाऱ्यांची नजर बदलली आणि आज तो फलक त्या गॅलरीच्या सर्वांत जुन्या ठेव्यांपैकी एक म्हणून जपला जातो.

ही मांडणी आपल्याकडेही आली, वेगळ्या वाटेने आणि बऱ्याच नंतर. पोर्तुगिजांनी गोवा घेतला तो २५ नोव्हेंबर १५१० रोजी, कॅथरिन यांच्या सणाच्या दिवशी. म्हणून जुन्या गोव्याचे सी कॅथेड्रल त्यांच्या नावाचे आहे आणि त्याच्या मुख्य वेदीवर त्यांच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले आहेत. त्याच्या शेजारीच असिसीच्या फ्रान्सिस यांचे चर्च आहे, आजची इमारत १६६१ ची. त्यात फ्रान्सिस यांचे आयुष्य लाकडी फलकांवरच रंगवलेले आहे. रस्त्यापलीकडे बॉम जेझूच्या बॅसिलिकेत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी आहे. ती गोव्याच्या कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवली, आणि तिच्यावर झेवियर यांच्या आयुष्यातले ३२ प्रसंग छोट्या चौकटींत ठोकलेले आहेत. पेटीखालचा संगमरवरी चौथरा तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने पाठवला. फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीने तो घडवला आणि १६९८ मध्ये तो इथे बसवला गेला. त्याच्या चारही बाजूंना ब्राँझचे एकेक पट्ट आहेत, आणि त्यांतही संताचे आयुष्यच आहे. पेटी उंचावर आहे, पट्ट त्या मानाने खाली. दर्शनाच्या गर्दीत बहुतेकांचे डोळे पेटीकडेच असतात. पण चौथऱ्याला एक पूर्ण फेरी घातली तर चारही पट्ट नीट पाहता येतात.